काठी पडायच्या आत: उभा दांडा तोलणारा रोबोट घरी बांधताना

चवथीच्या आधी घर झाडायला काढलं की कोळिष्टकं काढायचा लांब झाडू हाताशी येतोच. बांबूच्या टोकाला बांधलेला. त्याचं डोकं वर ठेवून बांबूचं बूड तळहातावर टेकवा आणि दुसरा हात सोडा. नजर वरच्या टोकावर ठेवली तर दोन-चार प्रयत्नांत तो दहा-पंधरा सेकंद उभा राहतो. आता साधी पेन्सिल तशीच बोटाच्या टोकावर उभी करून पाहा. ती कलताना दिसते तोवर पडलेलीही असते.

पेन्सिल हलकी म्हणून पडते, असं मुलं सांगतात आणि मोठी माणसंही सांगतात. वजनाचा इथे काही संबंध नाही. भरीव लोखंडी असो वा पोकळ ॲल्युमिनियमची, एकाच लांबीची, सगळीकडे सारखी जाड काठी एकाच चालीने पडते. फरक पडतो तो लांबीचा. उभी काठी जराशी कलली की तो कल ठरावीक वेळात दुप्पट होतो, पुन्हा तेवढ्याच वेळात चौपट. हा दुप्पट होण्याचा वेळ १८ सेंटिमीटरच्या पेन्सिलला ०.०८ सेकंद, ६० सेंटिमीटरच्या काठीला ०.१४ सेकंद आणि २ मीटरच्या बांबूला ०.२६ सेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो. बांबू तेवढी सवड देतो, पेन्सिल देत नाही. झाडूचं डोकं वर असलं की काम आणखी सोपं होतं, कारण वजन वर गेलं की पडणं मंदावतं.

दिवली नाचात डोक्यावर पेटती दिवली असते, तो तोल वेगळा. दिवलीला रुंद बूड असतं. थोडी हलली तरी ती आपणहून परत बसते. काठी एका टोकावर उभी असते, तिला परत बसायला जागाच नाही. तिच्या खाली जाऊन उभं राहणं हा एकच उपाय. रोबोटची गाडी हेच करते: काठी उजवीकडे कलली की उजवीकडे धावून तिच्या खाली जाते. ताकद फार लागत नाही. वेळेत कळावं लागतं आणि वेळेत हलावं लागतं. म्हणून या रोबोटचा प्रत्येक भाग निवडताना एकच प्रश्न विचारावा: हा भाग माझे किती मिलिसेकंद खाणार? ६० सेंटिमीटरच्या काठीला आपल्याकडे १४० मिलिसेकंद आहेत. मोजणं, हिशेब करणं आणि मोटर हलणं हे सगळं मिळून त्याच्या पाव भागात, म्हणजे ३५ मिलिसेकंदांत उरकलं पाहिजे.

कोणता साचा घ्यावा

चार चाकांच्या गाडीवर काठी उभी करायचा मोह होतो, कारण लाइन फॉलोअर (जमिनीवरची रेघ धरून चालणारी) गाडी पुष्कळ मुलांनी शाळेत बनवलेली असते. त्या गाडीने सुरुवात करू नका. स्वस्त पिवळ्या गिअर मोटरच्या दातांत ढिलाई असते. दिशा बदलताना मोटर आधी ती ढिलाई भरून काढते आणि मगच चाक फिरतं. काठीला हवी असते ती नेमकी दिशाबदलाच्या क्षणी हालचाल. शिवाय फरशीवर चाक घसरतं आणि गाडी कुठे आहे तेच कळेनासं होतं.

मोटरने आडव्या फिरणाऱ्या दांडीवर, म्हणजे फिरत्या हातावर, काठी बसवायचा साचा जपानी संशोधक कात्सुहिसा फुरुटा यांच्या नावाने ओळखला जातो. जागा कमी लागते, रेल लागत नाही. पण फिरत्या हातावरच्या एन्कोडरच्या, म्हणजे कोन मोजणाऱ्या भागाच्या, तारा गुंडाळल्या जातात आणि गणितही किचकट होतं. पहिल्या रोबोटसाठी सरळ रेल, तिच्यावर सरकणारी गाडी, गाडीला ओढणारा दातेरी बेल्ट आणि बेल्ट फिरवणारी स्टेपर मोटर, हा साचा घ्या.

स्टेपर घेण्याचं एक खास कारण आहे. डीसी मोटरला आपण व्होल्टेज देतो. त्यातून गाडी किती जोरात हलेल हे घर्षणावर, गाडीच्या वजनावर, मोटरच्या तापण्यावर अवलंबून असतं. स्टेपरला आपण थेट सांगतो, ‘इतकी पावलं, या गतीने’. पावलं चुकत नाहीत तोवर गाडी सांगितलेल्या त्वरणानेच धावते. गाडीचं वजन आणि रेलचं घर्षण दोन्ही आपल्या गणितातून गळून पडतात, हा फार मोठा फायदा आहे.

सामान

रेलसाठी व्ही-स्लॉट ॲल्युमिनियम प्रोफाइल, २० बाय ४० मिलिमीटर, १ मीटर लांब. त्यावर चार प्लास्टिक चाकांची गाडीची प्लेट, त्यातली दोन चाकं एक्सेंट्रिक नटवर, म्हणजे भोक मध्यावर नसलेल्या नटवर; तो फिरवला की चाक घट्ट-सैल होतं. थ्री-डी प्रिंटरमध्ये वापरतात ते ८ मिलिमीटरचे गुळगुळीत लोखंडी रॉड आणि लिनिअर बेअरिंगही चालतात, पण गोव्यात आम्ही ते सुचवणार नाही. समुद्राकडच्या घरात एका पावसाळ्यात त्या रॉडवर तांबूस ठिपके येतात, बेअरिंगमधल्या गोळ्या त्या ठिपक्यांवर अडखळतात आणि गाडी मध्येच किंचित अडते. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक चाकांना तो त्रास नाही.

मोटर नेमा १७ मापाची, ४० मिलिमीटर लांब शरीराची, सुमारे ०.४ न्यूटन-मीटरची. २० दात्यांची जीटी-२ पुली, ६ मिलिमीटर रुंद जीटी-२ बेल्ट अडीच मीटर, दुसऱ्या टोकाला बेअरिंग असलेली मोकळी पुली. या पुलीच्या एका फेऱ्यात गाडी ४० मिलिमीटर सरकते. मोटरला पावलापावलाने वीज देणारा ड्रायव्हर टीएमसी-२२०९, प्रोग्रॅम चालवणारा कंट्रोलर ईएसपी-३२, वीजपुरवठा २४ व्होल्ट ५ अँपिअर, आणि २४ वरून ५ व्होल्ट करणारा छोटा बक कन्व्हर्टर. रेलच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच, गाडी टोकाला आली की दाबले जाणारे.

कोन मोजायला एका फेऱ्याला ६०० पल्स (विजेचे ठोके) देणारा ऑप्टिकल एन्कोडर, ६ मिलिमीटर शाफ्टचा. त्याच्या दोन्ही चॅनेलच्या चढ-उतारांची मोजणी केली की एका फेऱ्यात २४०० काउंट मिळतात, म्हणजे एका काउंटला ०.१५ अंश. फिरवला की रोध बदलणारा पोटेन्शिओमीटर स्वस्त पडतो, पण त्याचं घर्षण जास्त आणि मोजमाप थरथरतं, तो टाळावा.

काठी म्हणजे १० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियम नळी, ६० सेंटिमीटर. वजन जेमतेम ४६ ग्रॅम भरतं. बांबूची काडीही चालते. ती जराशी वाकडी असली तरी बिघडत नाही, का ते पुढे येईल. वायरिंगचा पीव्हीसी पाइप मात्र घेऊ नका. तो लवतो, आणि लवणाऱ्या काठीचं वरचं टोक काय करतंय हे खालच्या एन्कोडरला कळत नाही.

जोडणी

१८ मिलिमीटर प्लायची १.२ मीटर लांब पट्टी घ्या, तिच्यावर रेल बसवा आणि पट्टी टेबलाच्या कडेला दोन सी-क्लॅम्पने आवळा. एन्कोडरचा शाफ्ट आडवा, रेलला काटकोनात आणि टेबलाच्या बाहेर आलेला हवा. काठी टेबलाबाहेर पूर्ण गोल फिरली पाहिजे, खालीही मोकळी लोंबली पाहिजे. हे सोय म्हणून सांगत नाही, शून्य लावायला ते लागणारच आहे.

बेल्ट लावायच्या आधी गाडी नुसती बोटाने सरकवून पाहा. चाकं डगमगत असतील तर एक्सेंट्रिक नट पान्याने थोडे फिरवा. प्लेट हलता कामा नये, आणि प्रोफाइल तिरकं केलं की गाडी आपल्या वजनाने घरंगळली पाहिजे. मग बेल्ट ताणा. मधोमध बोटाने छेडला तर जाड तारेसारखा घुमला पाहिजे. सैल असला तर दिशा बदलताना उड्या मारतो, फार ताणला तर मोटरच्या बेअरिंगवर भार येतो.

पुलीचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला बारीक स्क्रू) मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसवा आणि बारीक ॲलन कीने घट्ट करा. काठीची पकडही एन्कोडरच्या शाफ्टवर तितकीच घट्ट हवी. ६ मिलिमीटरचं फ्लँज कपलिंग घेऊन त्याच्यावर नळी दोन स्क्रूंनी बसवा. एका स्क्रूने बसवलेली नळी त्या स्क्रूभोवती फिरते. रोबोट नीट चालत असताना अचानक एका बाजूला पळू लागला तर सगळ्यात आधी हे दोन ग्रब स्क्रू तपासा.

विजेच्या बाजूला चार गोष्टी सांभाळा. ड्रायव्हरच्या २४ व्होल्ट पिनांना अगदी चिकटून १०० मायक्रोफॅराड, ५० व्होल्टचा कपॅसिटर लावा. वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका. ड्रायव्हर त्याच क्षणी जळू शकतो. ड्रायव्हरचा करंट १.१ अँपिअरच्या आसपास ठेवा आणि हीटसिंकवर छोटा पंखा द्या, कारण एप्रिल-मे महिन्यांत ड्रायव्हर तापून मध्येच बंद पडतो आणि प्रोग्रॅमला ते कळतही नाही. या ड्रायव्हरची आवाज न करणारी पद्धत वेग वाढला की ताकद गमावते, म्हणून त्याच्या स्प्रेड पिनने दुसरी पद्धत निवडा. थोडा आवाज येईल, येऊ द्या.

एन्कोडरचे हे प्रकार बहुधा ओपन कलेक्टर असतात: ते सिग्नल खाली ओढतात, वर नेत नाहीत. एन्कोडरला ५ व्होल्ट द्या, पण दोन्ही सिग्नलना ३.३ व्होल्टवर सिग्नल वर ओढून धरणारे ४.७ किलोओहमचे पुल-अप रेझिस्टर लावा. ईएसपी-३२ च्या आतले पुल-अप फार मिळमिळीत, त्यांच्या भरवशावर राहू नका. एन्कोडरची तार मोटरच्या तारांपासून चार बोटं लांब न्या. आणि जोडणी झाली की एक परीक्षा घ्या: काठी हाताने सावकाश दहा पूर्ण फेरे फिरवा आणि काउंट पाहा. २४,००० आला पाहिजे. दोन-चार काउंट इकडेतिकडे तुमच्या हाताने होतात. पन्नासाचा फरक आला तर तारांमध्ये गडबड आहे, पुढे जाऊ नका.

शून्य कुठे आहे

हा एन्कोडर फक्त किती फिरलं ते सांगतो, कुठून सुरुवात झाली ते नाही. मग ‘उभं’ कशाला म्हणायचं? डोळ्यांनी किंवा स्पिरिट लेव्हलने काठी उभी धरून शून्य लावलं तर एक-दीड अंशाची चूक सहज होते. त्यापेक्षा गुरुत्वाकर्षणालाच विचारा. काठी लोंबू द्या, शांत होऊ द्या, तिथे शून्य लावा. उभी स्थिती त्याच्या बरोबर समोर, म्हणजे १२०० काउंटांवर. टेबल तिरपं असलं, काठी वाकडी असली तरी हे खरंच राहतं, कारण लोंबताना काठीचा गुरुत्वमध्य आपणहून आसाच्या थेट खाली येतो आणि तोल साधतो तेव्हा तो थेट वर असावा लागतो. एन्कोडरच्या सीलचं थोडं घर्षण असतं, म्हणून काठी एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून सोडून दोन्ही वाचनांची सरासरी घ्या.

लोंबती काठी आणखी एक गोष्ट सांगते. तिला थोडासा झोका द्या आणि पाच पूर्ण झोक्यांचा वेळ घ्या. ६० सेंटिमीटरच्या सारख्या नळीला तो सुमारे ६.३ सेकंद येतो, म्हणजे एका झोक्याला १.२७ सेकंद. या वेळाने ६.२८ ला भागा: ४.९५. लोंबताना काठी ज्या चालीने झुलते त्याच चालीने ती उभी असताना पडते; दोन्ही ठिकाणी एकच संख्या लागू पडते. ४.९५ चा वर्ग २४.५, ही तुमच्या काठीची ओळख. काठीच्या टोकाला वजन लावलंत, बांबू एका बाजूला जाड निघाला, तरी सूत्रं शोधत बसायला नको. झोके मोजा, संख्या मिळते.

चार संख्या

आता मेंदू. दर ५ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला २०० वेळा, प्रोग्रॅमने चार गोष्टी पाहायच्या: काठीचा कोन, कोन बदलण्याचा वेग, गाडीची जागा आणि गाडीचा वेग. उजवी बाजू सगळ्यांसाठी अधिक धरा. कोन रेडियनमध्ये (१ रेडियन म्हणजे ५७.३ अंश), अंतर मीटरमध्ये. गाडीला द्यायचं त्वरण असं:

त्वरण = ३९ × कोन + ७.९ × कोनाचा वेग + ४.१ × जागा + ५.७ × गाडीचा वेग

मग त्वरणाला ०.००५ ने गुणून गाडीच्या वेगात मिळवायचं आणि तो वेग मोटरला द्यायचा. गाभा एवढाच. या संख्या वरच्या २४.५ वरून काढलेल्या आहेत. काठी कलल्यावर सुमारे अर्ध्या सेकंदात सावरावी आणि गाडीने त्यानंतर सावकाश मध्यभागी यावं, असा हेतू धरून.

पहिल्या संख्येला खालची हद्द आहे. कोनाला ९.८१ पेक्षा मोठ्या संख्येने गुणलं नाही तर गाडी काठीच्या मागेच राहते, कारण गुरुत्वाकर्षण काठीला त्याच प्रमाणात खाली ओढत असतं. ३९ म्हणजे त्याच्या चौपट. ५ अंश कलल्यावर गाडी ३.४ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने निघते. दुसरी संख्या काठीला शांत करते; ती नसेल तर काठी सावरते, पलीकडे जाते, परत येते आणि दर खेपेला जास्त कलते.

तिसरी आणि चौथी संख्या मात्र नीट थांबून समजून घ्यावी, कारण जवळजवळ प्रत्येकाची चूक इथेच होते. गाडी मध्याच्या उजवीकडे गेली आहे. तिला मध्यभागी आणायचं, तर डावीकडे ढकलायला हवं, नाही का? म्हणून लोक या संख्यांना उणे चिन्ह देतात. काठी दोन सेकंदांत पडते. चिन्ह अधिकच हवं. गाडी उजवीकडे असेल तर तिला आणखी उजवीकडे ढकलायचं.

तोच लांब झाडू हातावर तोलून डावीकडे चालायचं ठरवा आणि हाताकडे लक्ष द्या. हात आधी किंचित उजवीकडे जातो. त्यामुळे झाडू डावीकडे कलतो, आणि मग त्या कलणाऱ्या झाडूच्या खाली राहण्यासाठी हात आणि पाय डावीकडे धावतात. झाडू सरळ असताना थेट डावीकडे गेलात तर तो उजवीकडे पडेल. गाडीचंही तेच. मध्याकडे यायचं तर आधी मध्यापासून थोडं लांब जावं लागतं. म्हणून जागेची संख्या छोटी ठेवतात, म्हणजे हा उलटा धक्का काठीला सोसवतो. परत यायची घाई केली, ४.१ च्या जागी २० घातले, तर गाडी मध्यावर येते खरी पण काठी गमावून.

याच संख्यांमधून शून्याच्या चुकीचं निदानही होतं. कोनाच्या शून्यात अर्ध्या अंशाची चूक असली तर काठी पडत नाही; गाडी मध्यापासून सुमारे ८ सेंटिमीटर बाजूला जाऊन उभी राहते. १ अंशाला १६ सेंटिमीटर. तेव्हा गाडी नेहमी एकाच बाजूला थांबत असेल तर त्या अंतरावरून चूक किती आहे हे थेट काढता येतं. प्रोग्रॅममध्ये ‘गाडी बराच वेळ उजवीकडे असेल तर शून्य अगदी हळू सरकव’ अशी एक ओळ घातली की रोबोट ते स्वतःच दुरुस्त करतो.

एका काउंटची किंमत

कोनाचा वेग काढायची साधी रीत म्हणजे आताचा कोन वजा मागचा कोन, भागिले ०.००५. इथे एक अडचण दडलेली आहे. एन्कोडर ०.१५ अंशांच्या पायऱ्यांनी चढतो. काठी अगदी सावकाश कलत असताना बराच वेळ काहीच बदल नाही, मग एकदम एक काउंट. त्या एका काउंटचा वेग निघतो सेकंदाला ३० अंश, म्हणजे ०.५२ रेडियन. त्याला ७.९ ने गुणा: ४.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. काठी जवळजवळ स्थिर असताना मोटरला एवढा धक्का बसतो, आणि पुढच्याच फेरीत तो नाहीसा होतो. गाडी गुरगुरते, टेबल थरथरतं.

उपाय म्हणजे वेग गाळून घेणं: नवा वेग = ०.८ × मागचा वेग + ०.२ × आता मोजलेला वेग. एका काउंटचा धक्का ०.८ वर येतो. या गाळणीची किंमत सुमारे २२ मिलिसेकंद उशीर. प्रोग्रॅमच्या एका फेरीचे ५ धरून २७ झाले. ३५ च्या आत आहोत, पण फार सवड उरली नाही. थरथर आणखी कमी करायला कोणी ०.९५ आणि ०.०५ घालतो, उशीर सुमारे ९५ मिलिसेकंदांवर जातो आणि काठी मोठमोठे हेलकावे खात पडते. थरथर कमी आणि उशीरही कमी हवा असेल तर जास्त पल्सचा एन्कोडर घेणं हाच खरा मार्ग.

उशिराची दुसरी मोठी जागा म्हणजे संगणकाच्या पडद्यावर आकडे छापणं. ९६०० च्या बॉड रेटला (आकडे पाठवायच्या गतीला) एक अक्षर जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. चाळीस अक्षरांची ओळ म्हणजे ४० मिलिसेकंद. दर फेरीला ओळ छापली की बफर भरतो, प्रोग्रॅम तिथेच अडकतो आणि काठी पडते. छापणं बंद केल्यावर रोबोट चालतो, चालू केल्यावर पडतो, असं दिसलं तर कारण हेच. १,१५,२०० बॉड ठेवा आणि दहा-वीस फेऱ्यांतून एकदाच छापा.

तिसरी जागा मोटरचे पल्स. १/८ मायक्रोस्टेपला, म्हणजे मोटरच्या एका पावलाचे आठ भाग केले तर, एका फेऱ्याचे १६०० पल्स, म्हणजे मिलिमीटरला ४०. गाडी सेकंदाला ०.६ मीटर धावायची तर सेकंदाला २४,००० पल्स हवेत. आर्डुइनो उनो या साध्या कंट्रोलरवर मोटर हलवणारी ॲक्सेलस्टेपर लायब्ररी सेकंदाला साधारण ४,००० पल्सांपलीकडे जात नाही. गाडी ताशी अर्ध्या किलोमीटरच्या आतच रांगते. म्हणून ईएसपी-३२ आणि त्याच्या हार्डवेअर टायमरमधून निघणारे पल्स. एन्कोडर मोजायलाही त्याच चिपमधला हार्डवेअर पल्स काउंटर वापरा, प्रोग्रॅमला त्या कामाला जुंपू नका.

पहिल्यांदा चालू करताना

प्रोग्रॅममध्ये आधी थांबायच्या अटी लिहा: कोन २५ अंशांपलीकडे गेला की मोटर बंद, गाडी मध्यापासून ३८ सेंटिमीटरपलीकडे गेली की बंद, लिमिट स्विच दाबला की बंद. पावसात लाईट जाते आणि केव्हाही परत येते. लाईट आल्यावर रोबोट आपणहून चालू होता कामा नये. बटण दाबल्यावरच मोटर हलावी.

मग चिन्हं तपासा, एकेक करून. तिसरी-चौथी संख्या शून्य ठेवा, काठी हाताने धरून उजवीकडे ५ अंश कलवा. गाडी उजवीकडे धावली पाहिजे. डावीकडे धावली तर मोटरच्या एका कॉइलच्या दोन तारा वीज बंद करून उलटवा, किंवा प्रोग्रॅममध्ये दिशा बदला. आता काठी उभी करून हळूच सोडा. ती उभी राहील आणि गाडी हळूहळू एका टोकाकडे वाहत जाईल. हे बरोबर आहे. गाडीला मध्याची जाणीव अजून दिलेलीच नाही. आता चौथी आणि तिसरी संख्या निम्म्याने द्या, मग पूर्ण. गाडी मध्यावर परतू लागेल.

यानंतर जे उरतं ते बहुधा तीनांपैकी एक असतं. बारीक थरथर: दुसरी संख्या थोडी कमी करा. सेकंदाला एखादा, पण वाढत जाणारा हेलकावा: उशीर कुठेतरी वाढलाय, किंवा दुसरी संख्या कमी पडतेय. आणि काही मिनिटं छान चालून मध्य सरकत जाणं: स्टेपरची पावलं चुकताहेत, त्वरणाची मर्यादा कमी करा, बेल्ट आणि करंट तपासा. एक सेंटिमीटरच्या आतबाहेरची कायमची डुलकी मात्र राहणारच. सीलचं घर्षण आणि एन्कोडरच्या पायऱ्या असेपर्यंत ती जात नाही, आणि तिच्यामागे दिवस घालवू नये.

काठी किती कललेली असताना पकडता येईल, हे रेलच्या लांबीवर ठरतं असं वाटतं. या मापांना खरी आडकाठी गाडीच्या सर्वोच्च वेगाची आहे. सेकंदाला ०.६ मीटर वेग आणि ६० सेंटिमीटर काठी असेल तर स्थिर सोडलेली काठी जास्तीत जास्त १७ अंशांवरून सावरता येते. त्यापलीकडे कितीही लांब रेल दिली तरी नाही. प्रत्यक्षात १२ अंश धरून चाला.

लोंबती काठी आपणहून उभी करायची असेल तर २००० साली ओस्ट्रॉम आणि फुरुटा यांनी मांडलेली ऊर्जेची रीत वापरतात. गाडीच्या तुलनेत काठीचं टोक आडवं ज्या दिशेला जात असेल, त्याच्या उलट दिशेला गाडी ढकलायची. दर झोक्याला ऊर्जा वाढते. उभ्या काठीइतकी ऊर्जा झाली की ढकलणं थांबवायचं, आणि काठी १२ अंशांच्या आत, सावकाश आली की वरच्या चार संख्यांकडे काम सोपवायचं. हा टप्पा तोल पक्का झाल्यावरच घ्या.

काठी तोलायला रोबोटने स्वतः शिकावं, असं वाटणाऱ्यांसाठी: १९८३ साली बार्टो, सटन आणि अँडरसन या संशोधकांनी शिकणाऱ्या प्रोग्रॅमची परीक्षा म्हणून नेमका हाच गाडी-काठीचा प्रश्न संगणकावर घेतला होता. शिकताना काठी पुष्कळ वेळा पडते, आणि प्रत्येक पडण्यानंतर कोणालातरी ती उभी करावी लागते. तेव्हा शिकवणी संगणकातल्या नकली काठीवर करा आणि शिकलेलं खऱ्या काठीवर आणा.

प्रदर्शनात मांडणार असाल तर काठीच्या वरच्या टोकाला रबरी टोपी घाला आणि समोर ॲक्रिलिकचा पत्रा लावा. आडवी पडेपर्यंत ६० सेंटिमीटरच्या काठीचं टोक सेकंदाला ४.२ मीटर, म्हणजे ताशी १५ किलोमीटर वेगाने येतं, आणि टेबलाशी उभ्या असलेल्या लहान मुलाचे डोळे नेमके त्याच उंचीवर असतात. टोपीचं वजन टोकाला आलं की काठी थोडी मंदावते, म्हणून टोपी घातल्यावर पाच झोके पुन्हा मोजा.